८,९/७२ : आजोबांच्या बंदुकीचं वय काढताना गेलेले सोळा महिने

अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले १७ ऑक्टोबर २०२३ ला. तेराव्यापर्यंत बंदूक कुणाच्याच डोक्यात नव्हती, तेराव्याचं जेवण झाल्यावर आत्यानं पान खाता खाता विचारलं, "क्रुपची बंदूक कुणाच्या नावावर करणार रे आता?" आणि मला पहिल्यांदा कळलं की हे काम माझ्या गळ्यात आहे.

आमचं घर सांगलीत गावभागात, मूळ गाव शिराळा तालुक्यात. आजोबांनी ही बंदूक बेळगावला एका रिटायर्ड फॉरेस्ट ऑफिसरकडून घेतली होती, रानडुकरांसाठी, शेतीच्या राखणीला. आजोबा १९६९ ला गेले, मग ती अण्णांच्या नावावर झाली. अण्णांनी आयुष्यात तिच्यातनं एकही बार काढला नाही. दर दसऱ्याला बाहेर काढायची, शिलाई मशीनचं तेल लावायचं, झेंडू आणि आपट्याचं पान ठेवायचं, परत कपाटात. आम्हा पोरांना हात लावायची परवानगी नव्हती त्यामुळं मी ती नीट अशी बघितलीच नव्हती कधी. दुनळी आहे आणि क्रुपची आहे, एवढंच माहिती. क्रुप म्हणजे ते जर्मनीचे तोफावाले. शाळेत मी यावर भरपूर भाव खाल्लेला आहे.

तर पहिली गोष्ट, ज्यांच्या घरात बंदूक आहे त्यांनी लक्षात ठेवा. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. माणूस गेला की तुमच्याकडं परवाना नसताना ती बंदूक घरात ठेवणं बेकायदा. शस्त्र अधिनियमाचं कलम २१ आहे त्यासाठी, पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडं लगेच जमा करायची. आम्ही ६ नोव्हेंबरला केली, तोवर वीस दिवस झाले होते, हवालदार काकांनी समजून घेतलं पण "एवढा उशीर करायचा नसतो पावणं" हेही सुनावलं. जमा करताना पोचपावती घ्या आणि पावतीवर बंदुकीचं वर्णन काय लिहितात ते तिथंच उभं राहून वाचा. माझी पुढची सगळी रामकहाणी त्या एका ओळीतनं सुरू झाली.

आणि दुसरी, परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला असेल किंवा बंदूक त्याच्याकडं पंचवीस वर्षं असेल तर तो हयात असतानाच वारसाच्या नावानं अर्ज करता येतो, २०१६ च्या नियमांत तशी सोय आहे. अण्णा ७४ चे होते. हे आधी माहिती असतं तर निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यांनीच दिली असती.

जानेवारी २०२४ मध्ये कागद गोळा केले. मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आई आणि बहिणीची ना हरकत, आधार, फोटो, मेडिकल, बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी, हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट. स्टॅम्प, नोटरी आणि झेरॉक्स मिळून साधारण बावीसशे गेले. ट्रेनिंग आणि मेडिकल धरून पहिल्या टप्प्यात पाच हजाराच्या आत सगळं झालं. सगळ्याच्या तीन प्रती काढा, दोन पुरत नाहीत.

विजयनगरला कलेक्टर ऑफिसात फाईल दिली. तिथल्या बाईंनी पोलिसांची पावती बघितली, कॉम्प्युटरवर बघितलं, परत पावती बघितली. पावतीवर हवालदार काकांनी लिहिलं होतं "दुनळी बंदूक, सोळा बोअर, नं. ४१८७". ऑनलाईन नोंदीत होतं डीबीबीएल (म्हणजे दुनळीच) बारा बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप), मॉडेलची जागा रिकामी. ती माहिती मागं युआयएन, म्हणजे परवानाधारकाचा ओळख क्रमांक, काढायच्या वेळी फॉर्ममध्ये अण्णांनी स्वतःच्या हातानं भरलेली, फॉर्मची झेरॉक्स आमच्याच फाईलला होती, त्यांचं ते सुवाच्य मास्तरी अक्षर. दुनळी म्हणजे बारा बोअर असणार असं धरून चालले असतील. बाई म्हणाल्या, "बारा की सोळा ते नक्की करा, मेक आणि मॉडेल लिहून आणा, अंदाजे वर्ष पण लागेल. बंदूक तीच आहे का हे कळायला नको का?" चूक काहीच नव्हती त्यांच्या म्हणण्यात.

मी म्हणलं दोन दिवसांचं काम आहे.

बंदूक ठाण्यात, त्यामुळं बघायची तर रीतसर अर्ज. परवानगी ११ मार्चला मिळाली, एक तास, हवालदार काकांच्या समोर. मोबाईलवर आठ-दहा फोटो काढले, घाईत, ट्यूबलाईटखाली, निम्मे हललेले. ते घेऊन एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडं गेलो, बाहेरगावचा, गाव सांगत नाही. त्यानं फोटो मोठा करून बघितला. वरच्या पट्टीवर क्रुपचं नाव दिसत होतं. खालच्या एका फोटोत नळीच्या पोटाला ८,९ आणि मग ७२ असं काहीतरी दिसत होतं. तो म्हणाला, "हे बघा की, तारीख आहे. आठ सप्टेंबर बहात्तर. क्रुप कंपनी, मॉडेल १९७२." लेटरहेडवर तसं लिहून दिलं, शिक्का मारला, दीड हजार घेतले. बारा की सोळा विचारलं तर म्हणाला बाराच लिहा, कोण बघतंय.

मी खूश होऊन घरी आलो. आईला दाखवलं. आई म्हणाली, "बहात्तर कसं असेल? बहात्तरच्या दुष्काळात तर मी लग्न होऊन आले. तेव्हा मामंजींना जाऊन तीन वर्षं झालेली, आणि बंदूक त्यांचीच ना?"

मग मी आजोबांचं जुनं परवाना पुस्तक काढलं. २०१९ च्या पुरात आमच्या खालच्या मजल्यावर पाणी आलं होतं (आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलेलं ते पाणी), बंदूक माडीवर नेली होती पण कागदांची पेटी खालीच राहिली. पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटून पापडासारखी झालेली. आईनं भाकरीच्या उलथन्यानं, हो उलथन्यानंच, एकेक पान सोडवलं. शाई सगळी पसरलेली, पण एका पानावर नूतनीकरणाचा १९६३ चा शिक्का आणि त्याच्यावर ४१८७ हा नंबर शाबूत होता.

म्हणजे १९७२ ला बनलेली बंदूक १९६३ च्या परवान्यावर. हा कागद मी फाईलला लावला असता तर त्याचा अर्थ एकच निघाला असता, की मूळ बंदूक कुठंतरी गेली आणि तिच्या जागी दुसरीच आणून ठेवली. माझ्या पोटात गोळा आला. दीड हजाराचं लेटरहेड मी ड्रॉवरमध्ये टाकलं, अजून तिथंच आहे.

तेवढ्यात १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. निवडणुकीच्या काळात हे टेबल कुणाकुणाच्या बंदुका जमा झाल्या यातच गुंतलेलं असतं, वारसाची फाईल कोण हातात घेणार. ७ मेला आमचं मतदान, ४ जूनला निकाल. तीन महिने गप्प बसलो. तुमचं असं काही काम असेल तर निवडणुकांचं कॅलेंडर बघूनच अर्ज करा.

जूनमध्ये परत परवानगी काढली आणि यावेळी तयारीनं गेलो. बहिणीचा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे, त्याच्या गावात एक म्हातारा बंदूक दुरुस्तीवाला आहे, त्यानं भाच्यामार्फत यादीच पाठवली होती की काय काय बघायचं. ती यादी माझ्या लेखी सोन्याची. फोटो लांबनं एक आणि खुणांचे जवळनं. नळ्या उघडून पुढचा लाकडी हात काढायचा, कारण खऱ्या खुणा नळ्यांच्या पोटाला असतात, वरच्या पट्टीवर नसतात. टॉर्च समोरनं न धरता बाजूनं तिरकी धरायची. शेजारी मोजपट्टी ठेवायची. आणि काहीही झालं तरी पॉलिश पेपर, ब्रासो, विटकर लावायची नाही, खूण गेली की गेली. खडूची पूड बोटानं चोळायची आणि मऊ फडक्यानं पुसायची, खाचेत पांढरं राहतं आणि अक्षर उठून येतं. स्वल्पविराम असेल तर स्वल्पविरामच लिहायचा, टिंब करायचं नाही.

१९ जून, दुपारी तीन. ठाण्यातलं मागचं टेबल, वर पेपर अंथरलेला, बाहेर धो धो पाऊस. जिल्हा मुख्यालयातून शस्त्रागाराचे एक जमादार त्या दिवशी दुसऱ्या कामाला आलेले, तेही येऊन बसले आणि माझं नशीब उघडलं. त्यांनी आधी बंदूक रिकामी आहे ना ते स्वतः बघितलं. मग नळ्या वेगळ्या करून एका नळीत मागनं टॉर्च मारली, मला म्हणाले बघा. स्वच्छ गुळगुळीत, आरशासारखी. मग उजवी नळी. आत वळत वळत जाणारे पट्टे, विहिरीच्या जिन्यासारखे. हवालदार काका पण वाकले, म्हणाले, "आयला, आत आटे हायत की ओ!"

दुनळी नव्हतीच ती. म्हणजे नळ्या दोन, पण एक छऱ्याची आणि एक रायफलची. उजव्या नळीचं तोंड बारीक आणि कड जाड, हे शंभर टक्के डोळ्यांना दिसणारं, पण घरात सगळ्यांना वाटायचं ती नळी कमी वापरली म्हणून झिजली नाही! जमादारांनी पुढचा चाप बोटानं हलकेच पुढं ढकलला, टिक् असा आवाज आला. म्हणाले हा रायफलचा चाप, असा पुढं ढकलला की केसाएवढ्या दाबानं सुटतो, नेमबाजीसाठी. वरच्या पट्टीत आडवी पडणारी एक इवलीशी पाती पण त्यांनी नखानं उभी केली, ती नेम धरायची मागची माशी. अण्णांनी पन्नास वर्षं तेल लावून त्या पातीवर तेलाचा थर बसवला होता, आम्हाला ती नक्षी वाटायची.

मग खडू. डाव्या नळीच्या पोटाला मुकुट आणि खाली डब्ल्यू, मुकुट आणि एस, गोलात १६. उजवीला मुकुट आणि जी. दोन्हीकडं मुकुट आणि यू, गरुड, आणि एन. उजवीला ते ८,९ ... ७२. आणि यावेळी तिरक्या उजेडात मधलं झिजलेलं दिसलं, ८,९ च्या पुढं एमएम आणि मग तिरकी रेघ. खाली वेगळंच, बारीक, ७ २६. हे आधीच्या फोटोत आलंच नव्हतं.

रात्री भाच्याला सगळं पाठवलं. दुसऱ्या आठवड्यात त्याचा फोन, "मामा, बसलाय ना?"

म्हाताऱ्यानं सांगितलं ते असं. जर्मनीत प्रत्येक बंदूक सरकारी चाचणीघरात जोराचा बार उडवून तपासायची असा १८९१ चा कायदा, आणि पास झाली की शिक्के. यू म्हणजे तपासली, जी म्हणजे नळीत आटे आहेत, एस म्हणजे छऱ्याची, डब्ल्यू म्हणजे तोंडाशी नळी आवळलेली आहे, ज्याला चोक म्हणतात. एन म्हणजे नायट्रो, बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली, हा शिक्का १९११-१२ च्या सुमारास आला, म्हणजे बंदूक त्याच्या आधीची नाही. आणि १९४० पासून नव्या कायद्यानं अक्षरांवरचा मुकुट जाऊन त्या जागी गरुड आला, म्हणजे त्याच्या नंतरचीही नाही. नुसत्या मुकुटांवरनं एवढं कळतं.

मग ८,९/७२. ती तारीख नव्हतीच. स्वल्पविराम म्हणजे त्यांचा दशांश. नळीचा आतला व्यास ८.९ मिलिमीटर आणि काडतुसाच्या पितळी टोपणाची लांबी ७२ मिलिमीटर. आट्यांच्या खोलगट भागातनं मोजलं की तोच व्यास ९.३ भरतो, म्हणून काडतुसाचं नाव ९.३ × ७२ आर. जर्मनीतल्या शिकाऱ्यांचं जुनं, मवाळ काडतूस. ९.३ × ७४ आर म्हणून दुसरं आहे, नाव जुळ्यासारखं पण ताकद कितीतरी जास्त, त्यात गल्लत करू नका असं म्हाताऱ्यानं दोनदा बजावलं. तारीख ती खालची बारीक, ७ २६. जुलै १९२६. जर्मनीतल्या सूल गावच्या चाचणीघरात महिना आणि वर्ष असं ठोकायची पद्धत होती.

आणि १६ चं पण ऐका, मला चाळिशी उलटल्यावर हे कळलं. बोअर म्हणजे इंच-मिलिमीटर काही नाही. एक पौंड शिशाच्या सारख्या सोळा गोळ्या केल्या तर एक गोळी ज्या भोकातनं जाईल ते सोळा बोअर. बारा केल्या तर गोळी मोठी, भोक मोठं. म्हणून आकडा लहान तेवढी नळी मोठी. अण्णांनी लिहिलेलं बारा हे म्हणजे सरळसरळ वेगळं माप. त्यात जुन्या जर्मन सोळा बोअरमध्ये काडतूस बसायचं घर ६५ मिलिमीटरचं, आताचं काडतूस ७० चं. आत बसतं, पण उडताना तोंड उघडायला जागा नसते आणि दाब वाढतो. म्हणजे तसलं काडतूस हौसेनं टाकायचं नाही.

"आणि क्रुप?" मी विचारलं.

भाचा हसला. क्रुपनं फक्त पोलाद दिलं. नळ्यांचं पोलाद कुठलं ते पट्टीवर लिहायची पद्धत होती, भांड्यावर स्टेनलेस स्टील लिहितात तसं. बंदूक केली सूलमधल्या कुठल्यातरी कारखान्यानं, आणि तिथं एकच एक कारखाना नव्हे, एक जण नळ्या करणार, दुसरा कुलपाचं यंत्र, तिसरा दस्ता, चौथा नक्षी, आणि विकणारा आपलं नाव टाकणार किंवा टाकणारही नाही. आपल्याकडं मिरजेत सतार होते तशीच गत, भोपळा एकाकडं, खुंट्या दुसरीकडं. आमच्या बंदुकीवर नाव नाही. त्यामुळं मॉडेलही नाही. प्रकाराला नाव आहे, ब्यूक्सफ्लिंटे, ब्यूक्स म्हणजे रायफल आणि फ्लिंटे म्हणजे छऱ्याची. इंग्रज अशा शेजारी-शेजारी नळ्यांच्या बंदुकीला केप गन म्हणतात. तीन नळ्या असत्या तर ड्रिलिंग.

आता फॉर्ममध्ये मॉडेलचा रकाना रिकामा सोडता येत नाही आणि बंदुकीला मॉडेल नाही. यावर जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर गेले. मी एक पानी टिपण मराठीत लिहिलं, प्रत्येक खुणेचा फोटो, समोर अर्थ. कुठला नंबर खरा हाही प्रश्न आला, कारण नळ्यांवर आणखी एक वेगळा आकडा होता. त्याला युक्ती सोपी आहे, जो नंबर नळ्या, मागचं यंत्र आणि पुढच्या हाताच्या लोखंडावर तिन्हीकडं सारखा तो बंदुकीचा, आमचा ४१८७. नुसता नळ्यांवर तारखेशेजारी असतो तो चाचणीघराच्या वहीतला. जमादारांनी तपासणीचा अहवाल दिला, पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा त्यांनीच पाजला. त्यात त्यांनी "एक नळी रायफल, एक नळी छऱ्याची, एकच शस्त्र, एकच क्रमांक" असं स्पष्ट लिहिलं हे फार कामाला आलं, कारण २०१९ च्या दुरुस्तीनंतर माणशी दोनच बंदुका ठेवता येतात आणि ही एक धरायची की दोन यावर टेबलावर थोडी चर्चा झाली होती. दुसरी भीती कॅलिबरची होती. .३०३ सारखी लष्करी मापं प्रतिबंधित बोअरमध्ये येतात, तसं निघालं असतं तर गोष्ट कलेक्टर ऑफिसच्या हातातही राहिली नसती. ९.३ त्यात नाही हे कळल्यावर मला दोन महिन्यांनी नीट झोप लागली.

अण्णांची नोंद चुकली होती हे मी प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं. लिहिताना कसंतरी झालं. "माझ्या वडिलांनी अनवधानाने" असं वाक्य नोटरीनं टाईप केलं, मी ते दोनदा वाचलं आणि सही केली.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता. परत ब्रेक. २० नोव्हेंबरला मतदान, मग डिसेंबरमध्ये पोलीस व्हेरिफिकेशन, शेजाऱ्यांचे जबाब, घरातलं कुलपाचं कपाट बघून गेले. कपाट भिंतीला बोल्टनं पक्कं पाहिजे, आमचं नव्हतं, सुताराचे नऊशे गेले. १८ फेब्रुवारी २०२५ ला परवाना हातात आला, पाच वर्षांचा. वाया गेलेले दीड हजार धरून एकूण खर्च साडेआठ हजाराच्या आसपास, आणि विजयनगरच्या फेऱ्या मी एकवीसपर्यंत मोजल्या, पुढं मोजायचं सोडलं.

नोंद आता अशी आहे: कॉम्बिनेशन गन, १६ बोअर व ९.३ × ७२ आर, जर्मनी (सूल), मॉडेल नाही, अंदाजे १९२६, क्र. ४१८७. "मॉडेल नाही" हे दोन शब्द बाईंनी स्वतः सुचवले.

काडतुसं घ्यायचा प्रश्नच नाही. ९.३ इथं मिळायचं नाही, ६५ चं सोळा बोअरही नाही, आणि मला काही उडवायचं पण नाही. बंदूक आणली त्या दिवशी आत्या मुद्दाम आली. मी तिला सगळं समजावलं, मुकुट, गरुड, सूल, पोलाद. तिनं चष्मा लावून पट्टीवरचं नाव वाचलं, एकेक अक्षर बोट फिरवून, आणि म्हणाली, "हे काय, क्रुपच लिहिलंय की."